अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा गणपतीच्या आधी न्यू जर्सीला तुमच्या बहिणीकडे निघालेत. सहा महिने राहणार आणि परतताना दहा दिवस लंडनला मामेभावाकडे. आईला स्वतःचा मिक्सर आणि इंडक्शन शेगडी न्यायची आहे. बाबांचं रात्री झोपताना श्वासासाठी लावायचं सीपॅप मशीन आहे, नेब्युलायझर आहे, कंबर शेकायचा बेल्ट आहे. शिवाय मोबाइल, लॅपटॉप, ट्रिमर. आणि दुकानदाराने तुम्हाला सांगितलंय की एक युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या, जगात कुठेही काहीही चालतं.

'कुठेही' ठीक आहे. घोळ 'काहीही'मध्ये आहे.

मी आठ वर्षं मस्कतच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. परत आल्यावर गेली एकोणीस वर्षं ठाण्यात घरगुती वस्तू दुरुस्तीचं दुकान चालवतो. म्हणजे तिथे पाहुण्यांनी जाळलेल्या वस्तू पाहिल्या आणि इथे पाहुण्यांनी आणलेल्या. दोन्हीकडे चूक एकच असते. पिन भोकात गेली की लोकांना काम झालं असं वाटतं.

अडॅप्टर उघडून पाहिलात तर आत पितळेच्या चार-सहा पट्ट्या आणि फार तर एक फ्यूज दिसेल. इकडची पिन तिकडच्या पिनेला जोडायची, एवढंच त्याचं काम. नळाला दुसऱ्या मापाचं तोंड बसवलं म्हणून पाण्याचा दाब बदलत नाही, तसंच हे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला विजेच्या पन्नास लाटा) वीज येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लंडनला पुन्हा २३०, ५०. म्हणजे लंडनमध्ये तुमचा प्रश्न खरोखरच फक्त पिनेचा आहे. न्यू जर्सीत मात्र आधी व्होल्टेजचा, मग पिनेचा.

तेव्हा अडॅप्टर विकत घेण्याआधी एक काम करा. न्यायच्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडा, एकेक उलटी करा आणि लेबल वाचा. लेबल बहुधा पांढऱ्यावर करड्या अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढं छापलेलं असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. त्यात 'इनपुट' शब्दापुढची ओळ आपल्या कामाची. पुष्कळ जण चुकून 'आउटपुट'ची ओळ वाचतात आणि 'यात तर ५ व्होल्ट लिहिलंय' म्हणून घाबरून फोन करतात. इनपुटपुढे १००-२४० आणि ५०/६० असे आकडे दिसले तर ती वस्तू न्यू जर्सीत, लंडनमध्ये, टोकियोत, कुठेही लावा. तिला फक्त पिन जुळवून द्यायची. पण २३० किंवा २२०-२४० एवढंच लिहिलं असेल तर ती लंडनला चालेल, अमेरिकेत नाही. त्याच लेबलवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला दिसला तर त्या वस्तूला अर्थिंग लागत नाही, दोन पिना पुरतात. हे चिन्ह लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तुमच्या यादीकडे वळू.

मोबाइल, लॅपटॉप, ट्रिमर यांची चिंता सोडा. आजकालचे चार्जर जवळजवळ सगळे १००-२४० असतात, तरी लेबल पाहायचंच. फसवतो तो इलेक्ट्रिक टूथब्रश. त्याचा चार्जिंगचा स्टँड बरेचदा २२०-२४० एवढाच असतो आणि 'एवढीशी तर वस्तू' म्हणून त्याकडे कुणी बघत नाही.

सीपॅप मशीनचा पॉवर सप्लायही बहुतेक वेळा १००-२४० असतो. पण ही औषधाच्या जागी असलेली वस्तू आहे, तेव्हा अंदाजाने जाऊ नका. पॉवर सप्लायच्या ठोकळ्यावरचं लेबल वाचा आणि त्याचा फोटो बाबांच्या मोबाइलमध्येही ठेवा. हे मशीन हातातल्या सामानात न्यायचं, चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही. बॅग एक दिवस उशिरा आली तर कपडे उसने मिळतात, हे मिळत नाही.

नेब्युलायझर मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. टेबलावर ठेवायचा, घर्रर्र आवाज करणारा जो प्रकार असतो, त्याचा कॉम्प्रेसर आपल्याकडे साधारणपणे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. अमेरिकेत लावलात तर तो नुसता गुरगुरतो, औषधाचा फवारा येत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, तापतं. डॉक्टरांना विचारून सेलवर किंवा यूएसबीवर चालणारा छोटा मेश (बारीक जाळीतून फवारा सोडणाऱ्या) प्रकारातला घ्या, नाहीतर बहिणीला तिथलाच आणून ठेवायला सांगा. आई-बाबा पोहोचायच्या आधी, नंतर नाही. दम्याची उबळ ट्रान्सफॉर्मर घरी यायची वाट बघत नाही.

कंबर शेकायचा बेल्ट अमेरिकेत जळणार नाही, पण शेकणारही नाही. व्होल्टेज अर्धं झालं की उष्णता अर्धी होईल असं वाटतं. पण व्होल्टेज अर्धं झाल्यावर कॉइलमधून जाणारा प्रवाहही अर्धा होतो, आणि अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. नेमकं सांगायचं तर आपली १००० वॉटची कॉइल तिथे २७० वॉटच्या आसपास काम करते. १५०० वॉटची आपली किटली घ्या. इथे लिटरभर पाणी चार मिनिटांत उकळते, तिथे पंधरा मिनिटं तरी घेईल. गॅसवर पातेलं ठेवलेलं बरं. बेल्टचंही तसंच, गरम पाण्याची रबरी पिशवी न्या.

उलट दिशेचा हिशोब जास्त भयंकर आहे. मस्कतला असताना एका रात्री तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली की खोलीत जळका वास येतोय. गेलो तर अमेरिकेहून आलेल्या एक बाई ओल्या केसांनी दारात उभ्या. हातात हेअर ड्रायर, त्याच्या तोंडाची जाळी वितळून आत गेलेली. ड्रायर १२० व्होल्टचा, १५०० वॉटचा. तिथे वीज २४० व्होल्ट. दुप्पट व्होल्टेज, दुप्पट प्रवाह, म्हणजे चौपट वॉट. सहा हजार! बंबात पाणी तापवायच्या दोन-तीन कॉइल एका मुठीएवढ्या ड्रायरमध्ये कोंबल्यासारखं झालं. 'पण पिन तर व्यवस्थित बसली होती,' असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. बसलीच होती. अडॅप्टर आमच्या रिसेप्शननेच दिला होता. त्यानंतर अडॅप्टर देताना 'वस्तूचं लेबल दाखवा' असं विचारायचा नियम मी तिथे लावून घेतला.

आता मिक्सर. आईंना वाईट वाटेल, पण न्यू जर्सीला तो नेऊ नका. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवाली असते, तिला ५० की ६० हर्ट्झ याचं सोयरसुतक नसतं. पण व्होल्टेज अर्धं मिळालं की जोर जातो. रिकामं भांडं फिरेल, ताक घुसळून मिळेल. ओल्या नारळाची चटणी किंवा भिजवलेली उडीद डाळ घातली की पातं अडकतं. अडकलेल्या मोटरीतून प्रवाह जास्त वाहतो, ती तापते, आणि तळाचं ओव्हरलोडचं लाल बटण खटकन बाहेर येतं. ते आत ढकलायचं, पुन्हा लावायचं, असं चार वेळा केलं की मोटर जळते.

'मग ट्रान्सफॉर्मर घेऊ' असं पुढचं वाक्य असतं. घेता येतो. १२० चे २३० करणारा, स्टेप-अप म्हणतात तो. पण ७५० वॉटच्या मिक्सरला ७५० वॉटचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, कारण मोटर सुरू होताना कितीतरी जास्त प्रवाह ओढते. दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो आणि तो पाच-सात किलोंचा लोखंडी ठोकळा असतो. तेवीस किलोंच्या बॅगेत तेवढ्या वजनाचे लाडू, चकल्या आणि मेतकूट मावतं. त्यापेक्षा तिथल्या भारतीय दुकानांत आपल्याच कंपन्यांचे खास अमेरिकेसाठी बनवलेले ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, ओलं-सुकं सगळं वाटणारे. बहिणीकडे तो आधीच असण्याची शक्यता जास्त. विचारून घ्या.

ट्रान्सफॉर्मरच्या नावाखाली मुठीत मावणारा, शंभर-दोनशे ग्रॅमचा आणि वर '१६०० वॉट' लिहिलेला 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' कुणी दाखवला तर त्यापासून जपून राहा. तसल्या हलक्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची लाट कापून व्होल्टेज कमी केल्यासारखं दाखवणारं सर्किट असतं. साध्या कॉइलला, म्हणजे इस्त्रीला वगैरे ते चालतं. इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या वस्तूला ती कापलेली लाट मानवत नाही. त्यातून तसले कन्व्हर्टर बहुतेक २३० चे १२० करणारे असतात, म्हणजे आपल्याला हव्या त्याच्या उलटे.

इंडक्शन शेगडी तर विचारूच नका. तिच्यातलं सर्किट आधी व्होल्टेज तपासतं. कमी दिसलं की पिप-पिप करून पडद्यावर एररचा आकडा दाखवतं आणि बंद होतं. जळत नाही हे नशीब.

बहिणीच्या यजमानांनी कदाचित सुचवलं असेल, कारण मला हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो: 'अमेरिकेतल्या घरात कपडे वाळवायच्या मशीनसाठी २४० व्होल्टचा पॉइंट असतोच, त्यावर मिक्सर लावू का?' पॉइंट असतो, खरं आहे. पण तो ३० अँपिअरचा, चार जाड पिनांचा. मिक्सरची वायर शेवयीसारखी बारीक. आत काही शॉर्ट झालं तर त्या पॉइंटचा ३० अँपिअरचा ब्रेकर पडायच्या आधी वायर वितळेल. शिवाय तिथे न्यूट्रल आपल्यासारखा नसतो. दोन्ही पिनांत १२०-१२० चा फेज येतो, आणि आपला एका तारेवरचा स्विच बंद केला तरी मिक्सर अर्धा जिवंतच राहतो. घरगुती जुगाड करायची ही जागा नव्हे.

पिनेच्या प्रश्नाकडे येतो. जगात पिनांचे पंधरा प्रकार मानतात, इंग्रजीत ए ते ओ अशी अक्षरं देऊन. आपली गोल तीन पिनांची ५-६ अँपिअरची 'डी', आणि गिझर-एसीची जाडजूड १५-१६ अँपिअरची 'एम'. या दोन्ही मूळच्या ब्रिटनच्या. गंमत अशी की ब्रिटिशांनी स्वतः १९४७ नंतर ती पद्धत सोडली आणि चौकोनी पिनांची, आत फ्यूज असलेली 'जी' घेतली. आपण जुनीच धरून राहिलो. महायुद्धानंतर नवी घरं बांधताना तांबं वाचवायला त्यांनी सगळ्या सॉकेटना एकाच वायरची गोल साखळी फिरवली. त्या साखळीचा फ्यूज ३० अँपिअरचा, मग टेबललॅम्पच्या बारीक वायरीचं रक्षण कोण करणार? म्हणून फ्यूज पिनेतच आला.

याचा तुम्हाला उपयोग असा. लंडनसाठी जो अडॅप्टर घ्याल त्याच्या अंगात फ्यूज आहे का ते पाहा. मागच्या बाजूला लहानशी काडतुसासारखी नळी दिसते. आणि दुसरं म्हणजे तिथल्या सॉकेटची खालची दोन भोकं आतून झडपेने बंद असतात. वरची लांब अर्थची पिन आधी आत गेली की झडप उघडते. आखातातही हीच सॉकेट. तिथे आपली माणसं या वरच्या भोकात पेनाचं टोपण किंवा चमच्याची दांडी खुपसून झडप उघडतात आणि दोन गोल पिनांचा चार्जर थेट दाबून बसवतात. मीही पहिल्या महिन्यात केलंय, खोटं कशाला बोलू. पण त्या पिना बारीक, भोकं मोठी आणि लांब. नीट घट्ट बसत नाहीत, आत ठिणग्या पडतात, आणि फ्यूजही मधे नसतो. महिन्याभरात सॉकेटचा चेहरा काळा होतो. बाबांचं सीपॅप रात्रभर असल्या जोडणीवर नको.

लंडनच्या न्हाणीघरात सॉकेट शोधू नका, नसतं. फार तर आरशाजवळ दोन पिनांचा दाढीच्या मशीनचा पॉइंट असतो. त्यावर ट्रिमर किंवा टूथब्रश लावावा, हेअर ड्रायर नाही.

अमेरिकेत दोन चपट्या पिना, आणि अर्थिंग असेल तर खाली एक गोल. दोन चपट्यांपैकी एक किंचित रुंद असते, ती न्यूट्रलची. त्यामुळे पिन उलटी जात नाही. आई-बाबांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकेल: भिंतीतल्या सॉकेटला बटण नाही. पिन लावली की वीज चालू. आणि दिव्याचं बटण वर केलं की लागतं, खाली केलं की बंद, म्हणजे आपल्या बरोबर उलट. काही घरांत सोफ्याजवळच्या सॉकेटचा अर्धा भाग दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर चालतो. रात्री कुणीतरी ते बटण बंद करतं आणि सकाळी मोबाइल चार्ज झालेला नसतो. सीपॅप लावताना तो पॉइंट असल्या बटणावर नाही ना, हे बहिणीकडून आधी तपासून घ्या.

स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये सॉकेटच्या मधोमध दोन छोटी बटणं दिसतील, 'टेस्ट' आणि 'रिसेट'. वीज गळाली की लाइन तोडणाऱ्या आपल्या ईएलसीबीचं ते धाकटं भावंड, पण जास्त हळवं. आपल्या घरचा साधारण ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो, हा ५ च्या आसपास. सॉकेटमध्ये वीज नाही असं वाटलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी 'रिसेट' दाबा. त्या सॉकेटवर बटण नसेल तर दुसऱ्या बाथरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये शोधा, कारण एका बटणावर पुढची दोन-तीन सॉकेट असू शकतात. तिथल्या साध्या लाइनची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे १८०० वॉट. टोस्टर आणि मायक्रोवेव्ह एका लाइनवर एकदम लावले की ब्रेकर पडतो. यात आईंची चूक काही नसते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

अडॅप्टर कुठला? तो जगभर चालणारा चौकोनी ठोकळा, ज्यातून खटके सरकवून वेगवेगळ्या पिना बाहेर येतात, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आपली तीन पिनांची वस्तू त्यातल्या कित्येकांत जातच नाही, कारण आपली अर्थची पिन सात मिलिमीटर जाड असते. दुकानात माझ्याकडे एक लॅपटॉपची वायर आली होती, तिची अर्थची पिन करवतीने कापलेली. 'बसत नव्हती म्हणून.' शिवाय बऱ्याच ठोकळ्यांत अर्थिंग पुढे जोडलेलंच नसतं. भोक असतं, आत पट्टी नसते. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकवल्यावर ज्या बारीक मुंग्या येतात त्या याच कारणाने. त्या गळतीने जीव जात नाही, पण ती अर्थिंग नसल्याची खूण आहे. ठोकळ्यावर अँपिअरही छापलेले असतात. ६ अँपिअरचा असेल तर लंडनला त्यातून १३८० वॉट चालतात, न्यू जर्सीत फक्त ७२०. एकच ठोकळा, तिथे निम्मा. आणि वजनाला जड. अमेरिकेतली जुनी सॉकेट सैल असतात, ठोकळा पुढे झुकतो आणि पहाटे कधीतरी गळून पडतो.

याहून चांगली आणि स्वस्त युक्ती सांगतो. तुमच्या लॅपटॉपच्या आणि सीपॅपच्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक वेळा काढता येते. ठोकळ्याकडचं तोंड जगभर सारखं असतं: लॅपटॉपला मिकी माऊसच्या डोक्यासारखं तीन गोलांचं, लहान वस्तूंना आठच्या आकड्यासारखं दोन गोलांचं, कॉम्प्युटरला जाड तिरक्या कोपऱ्यांचं. त्या तोंडाची, पण दुसऱ्या टोकाला अमेरिकन पिन असलेली वायर विकत घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात विचारा, नाहीतर बहीण तिथल्या कुठल्याही दुकानातून आणेल. अडॅप्टरच नको, अर्थिंगही शाबूत. सीपॅपसाठी मी तरी याशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. मोबाइलसाठी अमेरिकन पिनेचा एक आणि ब्रिटिश पिनेचा एक असे साधे, एकाच देशाचे छोटे अडॅप्टर पुरतात. चार वस्तू एकदम चार्ज करायच्या असतील तर आपला एक्स्टेन्शन बोर्ड एका अडॅप्टरवर लावायला हरकत नाही. पण त्यावर फक्त चार्जर लावायचे, कॉइलची कुठलीही वस्तू नाही.

एक्स्टेन्शनचं निघालं म्हणून माझी स्वतःची फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप आणि त्यासोबतचा सहा सॉकेटचा स्पाइक गार्ड घेऊन आलं. लॅपटॉपचा चार्जर वाचला, १००-२४०, ठीक. अडॅप्टर लावून स्पाइक गार्डची पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. ठप्प! काळा धूर, एमसीबी खाली, शेजारचा चहावाला धावत आला. चार्जर वाचला होता, स्पाइक गार्ड वाचायचा राहिला होता. अमेरिकन स्पाइक गार्डच्या आत जास्तीचं व्होल्टेज गिळायला एक गोल चकतीसारखा भाग असतो, तिथल्या १२० ला बेतलेला. आपलं २३० व्होल्ट त्याच्या दृष्टीने कायमचा वीज पडल्यासारखा झटका. तो बिचारा गिळत राहतो आणि फुटतो. तेव्हा येताना बहिणीने प्रेमाने दिलेला स्पाइक गार्ड, कॉफीचं मशीन, केस सरळ करायची इस्त्री, काहीही असो, पुन्हा तेच लेबल. १२० एवढंच लिहिलं असेल तर ते तिथेच राहू द्या.

भिंतीवरचं विजेवर चालणारं जुन्या पद्धतीचं घड्याळ तर अजूनच मजेशीर. ते विजेच्या हर्ट्झवर वेळ मोजतं. अमेरिकेतलं ६० चं घड्याळ इथे आणून ट्रान्सफॉर्मरवर लावलं तरी तासाला दहा मिनिटं मागे पडणार, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. जपान्यांनी तर हा घोळ एकाच देशात घालून ठेवलाय. १८९० च्या दशकात टोकियोने जनरेटर जर्मनीहून घेतले, ओसाकाने अमेरिकेहून. आजही पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६०. व्होल्टेज मात्र दोन्हीकडे १००. तिकडे कुणी नोकरीला निघालं असेल तर लक्षात ठेवा, सॉकेट साधारणपणे दोन चपट्या पिनांचंच असतं. अमेरिकेसाठी घेतलेली तीन पिनांची वायर तिथे अडते.

युरोपात व्होल्टेज आपलंच. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन गोल पिना जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड सगळीकडे थेट जातात. तीन पिनांची वस्तू कुठेच जात नाही. ब्रिटनसोबत आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, दुबई, मस्कत इथे चौकोनी पिन. ऑस्ट्रेलियात तिरक्या चपट्या पिना, व्होल्टेज २३०. नेपाळमध्ये आपली पिन बऱ्याच ठिकाणी चालते. श्रीलंकेत जुन्या घरांत आपल्यासारखी, नव्या ठिकाणी चौकोनी, म्हणून एक ब्रिटिश अडॅप्टर जवळ असू द्या.

पॉवर बँक कितीही लहान असली तरी हातातल्याच बॅगेत. साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास भरते, म्हणजे चालते. आकडे पुसलेले असतील तर सुरक्षा तपासणीत अडवतात, तेव्हा घासलेल्या लेबलची जुनी पॉवर बँक नेऊ नका. विमानातल्या सीटखालच्या सॉकेटवर मोबाइल आणि साधा लॅपटॉप चालतो. सीपॅप चालवायचं असेल तर विमान कंपनीला तिकीट काढतानाच विचारा.

तुम्ही यादीत लिहिलं नाहीत, पण गणपतीच्या आधी निघताहेत म्हणजे आईंच्या बॅगेत दिव्यांच्या माळा नक्की असणार. आपल्या एलईडीच्या माळेत दिवे एकामागे एक ओवलेले असतात, २३० व्होल्ट वाटून घ्यायच्या हिशोबाने. १२० वर त्या जेमतेम मिणमिणतात, काही तर लागतच नाहीत. मागच्या वर्षी एका काकूंनी ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हिडिओ कॉल केला होता: मखर तयार, माळ बंद. यूएसबीवर चालणाऱ्या माळा घ्या. मोबाइलच्या चार्जरवर लागतात, लंडनलाही लागतील. त्या घरी आणल्या की लगेच लावून पाहा, कारण यूएसबीच्या माळांत अर्धे दिवे पहिल्याच दिवशी मेलेले निघतात. पावती जपून ठेवा.